विनोदी हवालदाराचं नाव सलीम का नसतं?

टीव्हीवरचा असा एखादा पोलीस आठवा, ज्याला पाहून तुम्हाला हसू येतं. फार वेळ लागणार नाही. 'एफ.आय.आर.'मधली चंद्रमुखी चौटाला आठवेल. 'भाभीजी घर पर हैं'मधले दरोगा हप्पू सिंह आठवतील, पोट पुढे काढून. 'सीआयडी'मधला फ्रेडरिक्स आठवेल. तो साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या पोट्ट्यांनीसुद्धा स्टेटस ठेवले होते. आणि मराठी माणूस असाल तर दादा कोंडके यांचा पांडू हवालदार डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहणार नाही.

आता याच यादीत एक मुसलमान पोलीस घाला. इमानदार नको, शहीद नको, विनोदी पाहिजे. नाव येतं का तोंडावर?

ज्यांना पटकन 'सलीम' आठवला असेल ते 'सरफरोश'मधल्या इन्स्पेक्टर सलीमकडे गेले असणार. सिनेमा १९९९ चा, भूमिका मुकेश ऋषी यांची. मला सलीम आवडतो. पण त्याच्या वाट्याला काय आलंय ते बघा. खात्याचा संशय, अपमान, गिळलेला राग आणि शेवटी निष्ठेचा पुरावा. सलीमची ढेरी सुटलेली नाही. त्याचा पट्टा सैल होत नाही. तो डबा घरी विसरत नाही, चुकीच्या घराचं दार ठोठावत नाही, साहेबांसमोर त्याला शिंक येत नाही. त्याला तेवढी उसंतच दिलेली नाही. तो वर्दीत आहे तोवर परीक्षेला बसलेला आहे. परीक्षेला बसलेल्या माणसाला कोणी विनोद करायला लावतं का?

माझं भांडण इथे आहे. मुसलमानाला खलनायक दाखवतात ही आपली जुनी तक्रार, आणि ती खरी आहे. पण तिच्यावर उतारा म्हणून आपण चांगला मुसलमान मागतो, आणि तो मिळतो तोही सलीमसारखा, श्वास रोखून उभा असलेला. मला बावळट मुसलमान पाहिजे. वर्दीतला. ज्याच्या बावळटपणाचा ठपका त्याच्या कौमवर येत नाही, असा.

हे मागणं हवेतलं नाही. असं काम झालेलं आहे, आणि ते बिघडवूनही झालेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच मालिकेच्या बाबतीत घडल्या, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

'ब्रुकलिन नाइन-नाइन' ही अमेरिकन मालिका २०१३ ते २०२१ चालली. आधी फॉक्सवर. २०१८ मध्ये फॉक्सने ती बंद केली तर दुसऱ्याच दिवशी एनबीसीने उचलली. न्यूयॉर्कच्या एका काल्पनिक पोलीस ठाण्यातली मंडळी, त्यांचे फालतू वाद, पैजा, वाढदिवस आणि मधूनमधून एखादा गुन्हा. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन रेमंड होल्ट. काळा माणूस, समलिंगी, आणि चेहरा असा मख्ख की कुणाच्या मौतीची खबर आणि लॉटरीची खबर तो एकाच आवाजात देईल. आंद्रे ब्राउअर या नटाने हे काम केलं. तो आधी गंभीर पोलीस मालिकांमधला नावाजलेला नट. विनोदी मालिकेत येऊनही त्याने विनोदी काहीच केलं नाही. सरळ उभा राहिला, वाक्य व्याकरणशुद्ध बोलला आणि लोक हसून मेले. डिसेंबर २०२३ मध्येच तोही वारला.

होल्ट समलिंगी आहे हे वाचून माझ्या काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. तुमचा दीन तुमच्यापाशी, त्यावर मी इथे वाद घालत नाही. माझा मुद्दा कारागिरीचा आहे. अमेरिकेत काळा माणूस आणि पोलीस या दोन शब्दांमध्ये केवढं रक्त सांडलेलं आहे हे आपण जाणतो. खात्यात त्याला वर्षानुवर्षं डावललं गेलं हे मालिका लपवत नाही, ते त्याच्या गोष्टीतच आहे. पण आपण हसतो ते त्याच्या रंगावर नाही. हसतो त्याच्या शिस्तीच्या वेडावर, कुत्र्यावरच्या प्रेमावर, गणिताच्या कोड्यावरून नवऱ्याशी होणाऱ्या भांडणावर. काळेपण त्याच्या अंगावर आहे, विनोद त्याच्या स्वभावावर आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं म्हणजे लेखकाचं काम. आमच्याकडचे लेखक मुसलमान पात्राला पान खायला लावतात, दर वाक्याला 'मियाँ' म्हणायला लावतात, सुरमा घालतात आणि म्हणतात, झाला विनोद!

त्याच ठाण्यात रोझा आणि एमी या दोन लॅटिना बायका होत्या, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित समाजातल्या. दोघींचे स्वभाव एकमेकींच्या उलटे. एक कोणाशी धड बोलत नाही, दुसरी फायलींना रंगीत चिठ्ठ्या लावून खूश. एका मालिकेत एकाच अल्पसंख्य समाजाची दोन पात्रं, आणि दोघी वेगळ्या! आपल्याकडे एक रहीम चाचा घेतला की कोटा संपतो.

मग आला रिमेक. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात फ्रेंच भाषेत, २०२० मध्ये. नाव 'एस्कुआद ९९'. विनोद तेच, प्रसंग तेच, कॅप्टनही काळाच ठेवला. पण रोझा आणि एमीच्या जागी दोन गोऱ्या बायका आल्या. झलक बाहेर पडताच मूळच्या दोघी नट्यांनी, स्टेफनी बिएट्रिझ आणि मेलिसा फ्युमेरो यांनी, जाहीरपणे नाराजी दाखवली. क्युबेकमध्येही लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक राहतात, नट्या तिथेही आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट छोटी वाटेल. मला नाही वाटत. नवी मालिका लिहिताना कुणाला घ्यायचं राहिलं तर 'सुचलं नाही' म्हणता येतं. रिमेकमध्ये ती पळवाट नसते. माणसं आधीच लिहून ठेवलेली असतात, फक्त भाषा बदलायची असते. तरीही काही माणसं गळतात. म्हणजे कुणीतरी कागद हातात घेऊन ठरवलं की इथे ही नसली तरी चालेल. रिमेक हा समाजाचा एक्स-रे आहे म्हणा ना. कोणतं हाड आपल्याला जास्तीचं वाटतं ते त्यात दिसतं.

आणि क्युबेकमध्ये हे कोणत्या वर्षी घडलं तेही बघा. २०१९ च्या जूनमध्ये तिथे कायदा झाला. सरकारी शाळांतले शिक्षक, सरकारी वकील, पोलीस यांनी कामावर धार्मिक चिन्ह घालायचं नाही. हिजाब नाही, पगडी नाही. जे आधीपासून नोकरीत होते त्यांना त्याच जागेपुरती सूट, नव्यांना नाही. त्या मालिकेच्या लेखकांच्या मनात आलं असतं तरी हिजाब घातलेली नवी शिपाई ते खऱ्याखुऱ्या ठाण्यात दाखवू शकले नसते. कायदाच आडवा आला असता. मी स्वतः मास्तर आहे. माझ्यासोबत बी.एड. केलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी तिथे फळ्यासमोर उभ्या राहू शकल्या नसत्या.

आता कोणी म्हणेल, सर, क्युबेक कुठे आणि नरखेड कुठे. आपल्या मराठीचं बोला.

बोलतो. मराठीत पोलिसाच्या विनोदाची परंपरा जुनी आहे. ती टीव्हीवर नाही, तमाशाच्या वगात जन्मली. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार होते. साठच्या दशकातली ती गोष्ट. मग १९७५ चा 'पांडू हवालदार', ज्याने 'पांडू' हे शिपायाचं टोपणनावच करून टाकलं. २०१९ मध्ये सारंग साठ्ये आणि अनुषा नंदकुमार यांनी 'पांडू' याच नावाची वेबमालिका केली. सुहास शिरसाट आणि दीपक शिर्के त्यात शिपाई आहेत आणि मख्ख चेहऱ्याचा विनोद मराठीत किती छान बसतो ते तिथे पाहावं. थकलेले, वैतागलेले, अजिबात न हसणारे पोलीस. २०२१ मध्ये पुन्हा 'पांडू' सिनेमा, भाऊ कदम हवालदार. म्हणजे जवळजवळ ५० वर्षं आपण एकाच हवालदाराचे रिमेक करतोय. कपडे बदलले, हाफ चड्डीची फुल पँट झाली, मोबाइल आला. पांडूचा पठाण मात्र कधी झाला नाही.

आणि तमाशा काही परक्याचा नव्हता आम्हाला. सगनभाऊंची लावणी मराठी आहे की नाही? ते मुसलमान होते. शाहीर अमर शेख बार्शीचे, संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी आपला गळा झिजवला. ज्या कलेतून हा हवालदार आला त्या कलेच्या घरात आम्ही पाहुणे नव्हतो, घरचे होतो. टीव्ही आला आणि आम्हाला ओसरीवर बसवलं.

यावर दोन उत्तरं येतात, दोन्ही ठरलेली.

पहिलं पुरोगामी मित्रांचं. विनोदाला जात-धर्म नसतो, तुम्ही कशाला मोजता? बरं. विनोदाला धर्म नसेल तर हवालदाराला तरी का आहे? त्याचं नाव दर वेळी एकाच यादीतून कसं निघतं? गोट्या टाकून नाव काढा ना. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के मुसलमान आहेत. दहा हवालदारांत एक तरी निघेल. मी मोजत नाही, तुम्ही आधीच मोजून ठेवलंय, मी फक्त बेरीज वाचतोय.

दुसरं उत्तर आपल्याच लोकांचं, आणि त्याला मी जास्त वजन देतो. जुम्म्यानंतर चहाला बसलेले लोक म्हणतात, मास्टर साब, पोलिसवालों पे हमको हँसी आती नहीं. मालेगावचं नाव घेतात. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, बडा कब्रस्तानात बॉम्ब फुटले. मेले मुसलमान आणि पकडले गेले तेही मुसलमान. नऊ जण. आधी एटीएस, मग सीबीआय, मग एनआयए. २०११ मध्ये जामीन, आणि एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. तोवर नवांपैकी एक जण हयात राहिला नव्हता. टीव्हीवर चुकीचा माणूस पकडला तर २२ मिनिटांत सुटतो आणि सगळे मिळून हसतात. मालेगावात दहा वर्षं लागली. हसायचं कुठे?

हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्या नऊ घरांवर कोणी विनोद करावा असं मी म्हणत नाही. पण मख्ख चेहऱ्याचा विनोद हा पोलिसांना गोड दाखवण्यासाठीच असतो, हा समज चुकीचा आहे. उलट, यंत्रणा गंभीर चेहऱ्याने जो वेडेपणा करते तो पकडायला याच्याएवढं धारदार हत्यार दुसरं नाही. ओरडणाऱ्या माणसाला यंत्रणा 'भडक' म्हणते. तिच्याच आवाजात, तिचाच अहवाल वाचून दाखवणाऱ्याचं काय करणार?

उदाहरण त्याच न्यूयॉर्कचं देतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथल्या खऱ्या पोलीस खात्याने एक खास पथक काढलं होतं, 'डेमोग्राफिक्स युनिट'. काम काय, तर मुसलमानांच्या वस्तीत जायचं, हॉटेलात बसायचं, चहा प्यायचा आणि लोक काय बोलतात, कोणत्या भाषेत बोलतात ते लिहून आणायचं. कोणत्या दुकानात उर्दू ऐकू येते, याची नोंद. २०११ मध्ये असोसिएटेड प्रेसने हे बाहेर काढलं. २०१२ मध्ये खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्याला शपथेवर सांगावं लागलं की या पथकाच्या कामातून, त्याच्या कारकिर्दीच्या सहा वर्षांत, तपासाचा एकही धागा मिळाला नाही. २०१४ मध्ये पथक बंद. म्हणजे सरकारी खर्चाने कित्येक वर्षं माणसं चहा पीत बसली आणि निष्पन्न झालं ते एवढंच की मुसलमान चहा पितात. मी उर्दू शिकवतो. माझ्या वर्गात असा एखादा शिपाई बसला असता तर वर्षाअखेर निदान जोडाक्षरं तरी शिकून गेला असता.

आणि आता ऐका. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' सुरू झाली २०१३ मध्ये, त्याच शहरात, त्याच खात्यावर, ते पथक अजून चालू असताना. ठाण्यातल्या मुख्य मंडळींत एकही मुसलमान नाही. जे खातं खऱ्या आयुष्यात मुसलमानांच्या चहाच्या कपात डोकावत होतं, त्या खात्याच्या कॉमेडीत मुसलमान नव्हता. तेव्हा मी या मालिकेचा भक्त आहे असं समजू नका. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला तेव्हा त्यांना घाम फुटला, लिहून तयार असलेले चार भाग त्यांनी फेकून दिले आणि शेवटच्या सीझनमध्ये रोझाला पोलिसाची नोकरी सोडायला लावली. ठीकच केलं. पण चहाचा कप राहिला तो राहिलाच.

कच्चा माल आपल्याकडेही कमी नाही. आमचा नरखेड तालुका काटोल मतदारसंघात येतो. आमचे तेव्हाचे आमदार राज्याचे गृहमंत्री झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून हललेल्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर महिना १०० कोटींच्या वसुलीचे आरोप केले. आरोपांचं जे व्हायचं ते होवो. पण त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात राज्याचे माजी गृहमंत्री कोठडीत होते आणि ज्यांनी आरोप केले त्या माजी आयुक्तांना कोर्टाने फरार घोषित केलं होतं. हे कोणत्या लेखकाने लिहून आणलं असतं तर निर्मात्याने त्याला म्हटलं असतं, बावा, जरा पटेल असं लिही.

दुसरं उदाहरण आमच्या जास्त जवळचं. राज्य राखीव पोलीस दलातल्या एका मुसलमान शिपायाने दाढी ठेवायची परवानगी मागितली. मिळाली, दाढी छाटलेली आणि नीट असावी या अटीवर. मग परवानगी मागे घेतली गेली, निलंबन झालं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांनी त्याच्याबद्दल वाईट वाटत असल्याचं सांगितलं आणि सुचवलं की धार्मिक काळापुरती दाढी ठेवण्याच्या अटीवर तो कामावर परतू शकेल. त्याने ते स्वीकारलं नाही. तिकडे न्यूयॉर्कच्या खात्याने २०१६ च्या शेवटी नियम केला की धार्मिक कारणासाठी अर्ध्या इंचापर्यंत दाढी चालेल. अर्धा इंच! कल्पना करा, सकाळच्या परेडला एक साहेब फूटपट्टी घेऊन रांगेत फिरतोय, चेहरा अगदी होल्टसारखा, आणि हवालदाराला म्हणतोय, "काल बारा मिलिमीटर होती, आज तेरा. खुलासा द्या." हा प्रसंग मुस्लिमविरोधी नाही, पोलीसविरोधीही नाही. त्यात कोण खरा आणि कोण खोटा हे सांगावंही लागत नाही. आणि कोर्टाचे दहा निकाल वाचून जे कळणार नाही ते तीन मिनिटांत कळतं.

मला याची तळमळ का, तर माझ्या समोर रोज भरतीची पोट्टी येतात. उर्दू माध्यमातून शिकलेली, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे १६०० मीटर पळतात, गोळा फेकतात, त्यात कोणाला हार जात नाहीत. अडतात ते लेखी परीक्षेत, मराठी व्याकरणात. म्हणून संध्याकाळी समास, प्रयोग आणि विभक्ती माझ्या गळ्यात. त्यातला एक जण परवा म्हणाला, "सर, लग गया तो मोहल्लेवाले बोलेंगे मुखबिर, और ठाणेवाले बोलेंगे पाकिस्तानी." तो हसत हसत म्हणाला. वीस वर्षांच्या पोराने आपल्या नोकरीचं अख्खं भविष्य एका वाक्यात सांगितलं आणि त्याला ते गमतीशीर वाटलं. या पोराला सलीम दाखवून काय उपयोग? सलीम त्याला सांगणार, छाती पुढे काढ, सिद्ध कर. तो आधीच सिद्ध करून थकलाय. त्याला पडद्यावर एक असा मुसलमान शिपाई दिसला पाहिजे जो बंदोबस्तात झोपतो, ज्याला मेमो मिळतो, जो साहेबांच्या कुत्र्याला घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी तरीही हजेरीला उभा असतो. कुणीही त्याच्या झोपेवरून देशाच्या सुरक्षेची चर्चा ठेवत नाही.

मराठी वाहिन्यांच्या लेखकांना विषय सुचत नसेल तर एक भाग मी फुकट देतो. आमच्या नरखेडहून सीमा ओलांडली की मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. माणसं मराठीच बोलतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार भरते. जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक उभे राहून दिवसभर एकमेकांना दगड मारतात. डोकी फुटतात, शेकड्यांनी जखमी होतात, रुग्णवाहिका तयार असतात, आणि पोलिसांचा मोठा बंदोबस्त असतो. बंदोबस्त दगडफेक थांबवायला नाही, ती नीट पार पडावी म्हणून. परंपरा आहे, मी नावं ठेवत नाही.

तर नरखेड ठाण्याचा हवालदार सलीम शेख, वय ४५, गुडघे दुखतात, सीमेवर ड्युटी लागली आहे. नदीकाठी हजारो लोक दगड मारताहेत. सलीम कडेला झाडाखाली उभा आहे, बायकोने दिलेला डबा उघडलाय. तेवढ्यात एक दगड उडत येऊन त्याच्या पायाशी पडतो. सवयीने तो उचलायला वाकतो. मागून साहेब ओरडतात, "सलीम, हात लावू नको त्याला! कोणी फोटो काढला म्हणजे?" सलीम दगडाकडे बघतो, नदीकडे बघतो, साहेबांकडे बघतो. चेहऱ्यावर काही नाही. मग हळूच बुटाच्या टोकाने तो दगड साहेबांच्या जीपखाली सरकवतो आणि जेवायला बसतो.